बंदुकीची काजळी

खंडेनवमीस शस्त्रें घासूनपुसून पूजेला मांडण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. आमच्या आजोळीं, रत्नागिरीकडील एका गांवीं, त्या दिवशीं पाटावर कोयता, पहार व कुऱ्हाड ह्यांच्या शेजारीं एक ठासणीची बंदूकही असे. डुकरें आणि वानर ह्यांपासून शेत राखण्याकरितां सरकारी परवान्यानें ठेविलेली ही बंदूक मामांच्या ताब्यांत होती. तिची आमची पहिली आठवण बाराची नव्हे, स्नानाची आहे. रानांतून परत आल्यावर मामा प्रथम गज घालून नळी रिकामी असल्याची खात्री करून घेत आणि मग बंबांतलें कढत पाणी तींत ओतीत. काळेंकुट्ट पाणी बाहेर येई व त्यास नासक्या अंड्यासारखा वास येई. पाण्यानें लोखंड गंजतें एवढें शास्त्र आम्हांस शाळेंत शिकविलें होतें, म्हणून एकदां आम्ही विचारलें, "मामा, तेलच कां नाहीं घालीत?" "तेल मागाहून. तेलानें मीठ जात नाहीं रे," एवढेंच ते म्हणाले. बंदुकींत मीठ कोठून आलें हें कळण्यास आम्हांस पुढें बरींच वर्षें लागलीं.

युद्धांचा इतिहास लिहिणारे बंदूक कोणीं झाडली तें लिहितात. रात्रीं ती कोणीं पुसली, कशानें पुसली, हें लिहीत नाहींत. ह्या क्षुल्लक वाटणाऱ्या कामाविषयीं वरिष्ठांनीं दाखविलेली बेपर्वाई निदान दोन वेळां फार महाग पडली आहे, आणि त्यांतली एक वेळ आपल्याच देशांतील आहे.

काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक ह्यांचें मिश्रण. रूढ प्रमाण शंभरांत ७५, १५ व १०. पेटल्यावर ती सगळीच वायुरूप होऊन उडून जाते असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपानें उरतो. त्यांतला कांहीं धुराबरोबर जातो व बाकीचा नळीच्या अंगास चिकटून बसतो. ह्या काजळींत पोटॅशचे क्षार असतात आणि ते हवेंतील ओलावा ओढून घेतात. कोंकणांतल्या आषाढांत अशी नळी न धुतां ठेवली तर आंत तांबेरा चढावयास वेळ लागत नाहीं. हे क्षार पाण्यांत विरघळतात, तेलांत विरघळत नाहींत; शिवाय पाणी कढत असलें म्हणजे लोखंड तापून नळी लवकर सुकते. तेलाचें काम त्यानंतरचें. न धुतां तेल लावणें म्हणजे घाणीवर पांघरूण घालणें होय.

गंज हा उद्यांचा शत्रु झाला. लढणाऱ्या शिपायास काजळीची अडचण आजच, ऐन लढाईंत, येत असे. गुळगुळीत नळीच्या जुन्या बंदुकींत गोळी बरीच सैल असे, त्यामुळें काजळी चढली तरी ती खालीं उतरे. १८५३ च्या एनफील्ड रायफलीची गोष्ट निराळी. तिच्या ·५७७ इंच व्यासाच्या नळीस आंतून तीन आटे पाडलेले होते. गोळी नळीहून किंचित् बारीक असे व बार होतांना फुगून त्या आट्यांत बसे. अशा नळींत काजळी घट्ट झाली कीं गोळी तोंडाकडून ठासतां येईना. म्हणून गोळीभोंवतींच्या कागदास चरबी व मेण ह्यांचें वंगण लावीत, म्हणजे प्रत्येक नवी गोळी आंत जातांना मागल्या बाराची काजळी मऊ करी. ज्या चरबीवरून १८५७ सालीं एवढा प्रलय झाला ती मुळांत नळी वाहती ठेवण्याची एक साधी युक्ति होती!

हीं काडतुसें १८५३ सालींच हिंदुस्थानांत आलीं होतीं. येथील हवेंत वंगण कितपत टिकतें हें पाहण्यासाठीं कलकत्ता, कानपूर व रंगून येथें तीं शिपायांच्या पिशव्यांत घालून हिंडविण्यांत आलीं. चरबी वितळते कीं नाहीं, एवढाच प्रश्न साहेबांपुढें होता. ती कोणाची, हा नव्हता. बंगाल सैन्याचे अ‍ॅड्ज्युटंट जनरल कर्नल टकर ह्यांनीं मात्र त्याच वर्षीं डिसेंबरांत लेखी इशारा दिला कीं, वंगण जातिधर्मास बाधक नाहीं अशी खात्री झाल्यावांचून हीं काडतुसें देशी पलटणींस देऊं नयेत. हा कागद दप्तरांत पडून राहिला. १८५७ च्या जानेवारींत डमडम येथें एका खलाशानें एका ब्राह्मण शिपायास ह्या चरबीवरून टोमणा मारला, आणि तीन वर्षें दप्तरांत झोंपलेला प्रश्न बराकींत जागा झाला. २७ जानेवारीस सरकारनें हुकूम काढला कीं, शिपायांनीं बाजारांतून आपल्या पसंतीचा पदार्थ आणून तो आपल्या हातानें लावावा. उपाय बरोबर होता. परंतु तोंवर संशय वंगणावरून उठून कागदावर जाऊन बसला होता. नव्या काडतुसाचा कागद तुळतुळीत दिसे. त्यांतच चरबी असली पाहिजे, असें बराकपूरचे शिपाई म्हणूं लागले. काडतूस दांतांऐवजीं हातानें फाडण्याची नवी कवाईतही काढण्यांत आली, पण तिनेंही समाधान झालें नाहीं. २४ एप्रिलास मीरत येथें ८५ स्वारांनीं जीं काडतुसें नाकारलीं तीं तर जुन्याच तऱ्हेचीं होतीं. वरसईच्या विष्णुभट गोडशांनीं 'माझा प्रवास' ह्या आपल्या वृत्तांतांत ह्या काडतुसांची हकीकत दिली आहे, ती मराठी वाचकांच्या परिचयाची आहेच.

सगळें बंड चरबीनें झालें असें आमचें मत नाहीं. अयोध्येचें राज्य १८५६ त खालसा झालें होतें; पगार, भत्ते, दूरदेशीं पाठविण्याच्या अटी अशीं दुखणीं कमी नव्हतीं. परंतु जी वस्तु माणसाच्या हातांत व दांतांत जावयाची ती कशाची आहे, हें त्या माणसास आधीं सांगावें, एवढी गोष्ट ज्या कचेरीस सुचली नाहीं तिला निर्दोष कसें म्हणावें?

पुढें काडतुसें धातूचीं झालीं व बंदूक मागून भरतां येऊं लागली, तेव्हां वंगणाचा हा तंटा मिटला. काजळीचा मात्र मिटला नाहीं. १८८८ सालीं ब्रिटिश सैन्यानें घेतलेल्या ·३०३ च्या ली-मेटफर्ड रायफलीचे आटे मुद्दाम उथळ व गोलसर ठेविले होते, कारण कोपऱ्यांत काजळी सांचूं नये. गंमत अशी कीं, लवकरच कॉर्डाइट नांवाची बिनधुराची दारू आली. काजळी गेली, पण तिच्या प्रखर उष्णतेनें हे उथळ आटे झिजूं लागले. १८९५ सालीं पुन्हां खोल आटे पाडावे लागले.

आतां नळी बार झाल्यावर चकचकीत दिसे. लोकांस वाटलें, पाण्याची कटकट संपली. तेलाची चिंधी फिरवून बंदूक ठेवून द्यावी, तों चार दिवसांनीं आंत गंज! दोष नव्या दारूवर आला. तिच्यांत आम्ल असतें, तें लोखंडाच्या छिद्रांत मुरतें, अशा नाना उपपत्ति निघाल्या. खरा चोर काडतुसाच्या बुडाशीं बसला होता. ठिणगी पाडणाऱ्या टोपींत पोटॅशियम क्लोरेट असे. तें जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड उरतें, आणि हें आपल्या स्वयंपाकघरांतील मिठाचें सख्खें भावंड होय. काळ्या दारूच्या दिवसांत काजळीबरोबर तेंही धुतलें जाई. काजळी दिसेनाशी झाली, धुणें बंद पडलें, आणि मीठ तेवढें राहिलें. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या खाण-खात्यांतील डॉ. हफ ह्यांनीं हें सप्रमाण दाखविलें. १९२७–२८ च्या सुमारास मीठ न सोडणाऱ्या टोप्या बाजारांत आल्या. आमच्या मामांस ह्या हफसाहेबांची गंधवार्ता नव्हती!

ब्रिटिश सैन्याचा शिरस्ता ह्या बाबतींत वाखाणण्यासारखा होता. रायफलीच्या दस्त्यांतच पितळेची तेलाची कुपी व वजन बांधलेली दोरी ठेवण्याची सोय असे. दोरीच्या फांसांत चार इंच लांब व दोन इंच रुंद फ्लॅनेलची चिंधी घालून ती मागून पुढें ओढावयाची, आणि झाडलेली बंदूक नरसाळ्यानें कढत पाणी घालून धुवावयाची. अति घासणेंही वाईटच. दोरी वांकडी ओढली किंवा गज तोंडाकडून बेफिकीरपणें चालविला तर तोंडाशींच आटे झिजतात व नेम जातो. कित्येक जुन्या बंदुका झाडण्यापेक्षां घासण्यानेंच अधिक निकामी झालेल्या आहेत.

दुसरी महाग चूक अमेरिकेची. व्हिएटनामांत १९६५ पासून अमेरिकन सैनिकांच्या हातीं एम-१६ ही हलकी रायफल मोठ्या प्रमाणावर आली. ती फारशी साफ करावी लागत नाहीं असा बोलबाला झाला होता. दस्त्यांत साहित्य ठेवावयास जागा नव्हती, आणि सफाईच्या गजांचाही तुटवडा होता. त्याआधींच काडतुसांतील दारू बदलण्यांत आली होती. नव्या दारूंत खडूचा अंश असे व त्याचा थर बंदुकीच्या वायुनलिकेंत बसे. काडतूस बसण्याच्या जागेस क्रोमचा मुलामा नव्हता, त्यामुळें तेथील दमट हवेंत तिला गंजाचे खड्डे पडत आणि झाडलेलें काडतूस आंतच अडके. ऐन चकमकींत बंदूक बंद पडल्याचीं पत्रें सैनिकांच्या घरीं जाऊं लागलीं. १९६७ सालीं प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीनें चौकशी करून लष्करी कारभारावर कडक ताशेरे ओढले. मग मुलामा आला, गज आले, आणि बंदूक कशी पुसावी हें शिकविणारी एक सचित्र पुस्तिकाही आली. तिचीं चित्रें विल आयस्नर ह्या प्रसिद्ध चित्रकथाकारानें काढलेलीं आहेत. १८५३ त निदान टकरचा कागद तरी होता. येथें सैनिकाच्या हातीं चिंधी द्यावी, हें आधीं कोणास सुचल्याचें दिसत नाहीं.

मामांच्या मागें परवाना चालविण्यास घरांत कोणी पुढें आलें नाहीं, तेव्हां बंदूक रीतसर सरकारजमा झाली. जमा करण्याच्या आदल्या दिवशीं मामींनीं ती बंबाच्या पाण्यानें धुवून, सुकवून, खोबरेलाचा हात फिरवून दिली. सुटा गज तेवढा माळ्यावर विसरून राहिला होता. गेल्या मे महिन्यांत आम्ही तो खालीं काढला, तेव्हां त्याच्या टोंकाच्या खांचेंत काळी पडलेली चिंधी तशीच होती.