नवजात बाळाचे मूत्रपिंड : बॉयलर कारखान्यापासून दक्षिण दिल्लीपर्यंत

वेल्डमधली भेग शोधणारे अल्ट्रासाउंड यंत्र आम्ही नोएडातल्या प्रयोगशाळेत दरवर्षी दाखवतो. बाळाचे मूत्रपिंड मोजणारे यंत्र त्याच घराण्यातले. 1955 मध्ये ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी घेऊन रेनफ्र्यूच्या बॉयलर कारखान्यात गेले आणि धातूतले दोष शोधणाऱ्या यंत्रावर त्या तपासून पाहिल्या. पुढे टॉम ब्राउन या अभियंत्याची साथ मिळाली आणि 1958 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा निबंध आला.

आता गणित पाहू. ऊतींमधला ध्वनीचा वेग 1540 मीटर प्रति सेकंद धरतात. 2 सेंमी जाडी पार करून परत यायला ध्वनीला सुमारे 26 मायक्रोसेकंद लागतात. जाडी अशी वेळेवरून मिळते. लांबी मात्र प्रोब कसा धरला यावर ठरते. छेद तिरका गेला की मूत्रपिंड आखूड दिसते, म्हणून पुन्हापुन्हा मोजून सर्वांत मोठी लांबी घेतात. पूर्ण दिवसांच्या बाळात ती साधारण 4 ते 5 सेंमी भरते. मूत्रपिंड लंबगोल मानले, तर

आकारमान = लांबी × रुंदी × जाडी × 0.523

तिन्ही मापे 10 टक्क्यांनी जास्त घेतली गेली, तर आकारमान 33 टक्क्यांनी फुगते. वहीत करून पाहा.

माप मिळाले, पण ते लहान की मोठे हे कशाशी ताडायचे? 1984 मध्ये अमेरिकेत रोझेनबॉम आणि सहकाऱ्यांनी, 1985 मध्ये जर्मनीत डिंकेल आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या मूत्रपिंडांच्या मापांचे संदर्भ प्रसिद्ध केले. ती मुले तिकडची. आपली बाळे वजनाने हलकी. त्यामुळे नुसते वय पाहून चालत नाही, वजन, उंची आणि गर्भाचे आठवडेही पाहावे लागतात.

फरक महत्त्वाचा अशासाठी, की नेफ्रॉन साधारण 36 आठवड्यांपर्यंतच तयार होतात, नंतर नवे येत नाहीत. ते जन्मतः कमी असतील तर पुढे रक्तदाब वाढू शकतो, असा विचार ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये मांडला. जिवंत बाळात नेफ्रॉन मोजता येत नाहीत, म्हणून मूत्रपिंडाच्या आकारमानावरून अंदाज बांधतात.

हा विचार तपासायला दिल्लीसारखी जागा नाही. 1969 पासून दक्षिण दिल्लीच्या 12 चौरस किलोमीटर भागात जन्मलेल्या आठ हजारांहून अधिक बाळांची नोंद झाली. सरासरी जन्मवजन 3 किलोहून कमी. त्यांतल्या अनेकांचा माग मोठेपणापर्यंत ठेवला गेला, आणि बालपणीची वाढ व तरुणपणीची रक्तशर्करा यांवरचा निबंध 2004 मध्ये आला. या मंडळींची वजने आहेत, उंच्या आहेत. मूत्रपिंडाचे जन्मवेळचे माप मात्र नाही. ते घ्यायचे यंत्र तेव्हा प्रसूतिगृहांत पोचलेलेच नव्हते.