दहा रुपयांचा मास्तर आणि निकालावरचे अनुदान

१/ सरकारने शाळेला पैसा द्यावा तो कशासाठी? चांगला शिक्षक घडावा आणि टिकावा म्हणून, की मुले परीक्षेत उत्तीर्ण झाली म्हणून? वरवर पाहता हा केवळ हिशेबाचा प्रश्न वाटतो. परंतु एकोणिसाव्या शतकातील मुंबई इलाख्यात शाळा कोणाच्या दारी पोहोचणार, हे बऱ्याच अंशी याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून होते. १८८२ साली जोतीराव फुले यांनी पुण्यातून त्याला दिलेले उत्तर आजही वाचण्याजोगे आहे. ते नीट कळण्यासाठी मात्र आधी इंग्लंडकडे वळावे लागेल.

२/ इंग्लंडच्या पार्लमेंटने शाळांसाठी पहिली रक्कम मंजूर केली ती १८३३ मध्ये. ती होती २०,००० पौंड, आणि तीही केवळ इमारतींसाठी. लौकरच हे ध्यानात आले की, इमारत म्हणजे शाळा नव्हे. १८४६ मध्ये जेम्स के-शटलवर्थ यांच्या पुढाकाराने अनुदानाचा ओघ शिक्षकाकडे वळला. तेरा वर्षांच्या होतकरू मुलामुलींना पाच वर्षे शिकाऊ शिक्षक म्हणून विद्यावेतन, पुढे अध्यापक विद्यालयासाठी शिष्यवृत्ती आणि प्रमाणपत्र मिळविलेल्या शिक्षकाच्या पगारात सरकारी भर, अशी ही रचना होती.

३/ हीच दृष्टी १८५४ च्या वुडच्या खलित्यातून हिंदुस्थानात आली. खाजगी शाळांना सरकारने साहाय्यक अनुदान द्यावे, हे तत्त्व या खलित्याने घालून दिले. त्याच्या अटी अशा: स्थानिक व्यवस्थापन चांगले असावे, थोडी का होईना फी घ्यावी आणि सरकारी तपासणी मान्य करावी. अनुदानही विशिष्ट कारणांसाठीच द्यावयाचे होते, उदाहरणार्थ शिक्षकांच्या पगारात भर, शिष्यवृत्त्या, पुस्तके, इमारती. शिक्षक तयार करण्यासाठी प्रशिक्षण शाळा काढाव्यात, असेही त्यात स्पष्टपणे म्हटले होते.

४/ खलिता येऊन आठ वर्षे होतात न होतात तोच इंग्लंडमध्ये वारे फिरले. शिक्षणावरचा खर्च वाढत होता, आणि शिक्षक वरच्या वर्गांतील हुशार मुलांकडेच लक्ष देतात, धाकटी मुले तशीच राहतात, असा आक्षेप न्यूकॅसल आयोगाने घेतला होता. आक्षेप अगदीच निराधार नव्हता. त्यावर रॉबर्ट लो यांनी १८६२ मध्ये ‘रिव्हाइज्ड कोड’ आणला. शिक्षण स्वस्त नसेल तर ते परिणामकारक असेल, आणि परिणामकारक नसेल तर निदान स्वस्त तरी असेल, अशा आशयाचे आश्वासन त्यांनी पार्लमेंटला दिले.

५/ आता अनुदान मिळणार होते ते दर मुलामागे. सरासरी हजेरीवर ४ शिलिंग, आणि वाचन, लेखन व अंकगणित या तीन विषयांचे मिळून ८ शिलिंग. तपासनीस वर्षातून एकदा येणार, एकेका मुलाची परीक्षा घेणार, आणि नापास विषयामागे २ शिलिंग ८ पेन्स कापून घेणार. शिक्षकाच्या पगारात पडणारी सरकारी भर बंद झाली. आता त्याची मिळकत मुलांच्या तोंडून निघणाऱ्या उत्तरांवर येऊन ठेपली.

६/ पुढे जे घडले ते घडणारच होते. मुले वाचनाचे पुस्तक अथपासून इतिपर्यंत पाठ करू लागली. पुस्तक उलटे धरूनही मुलगा धडाधड वाचतो, अशा कथा तपासनिसांमध्ये प्रचलित होत्या. परीक्षेत नसलेले विषय मागे पडले. शिकाऊ शिक्षकांची संख्या घटली. सरकारी खर्च मात्र आठ लाख पौंडांवरून काही वर्षांतच साडेसहा लाखांच्या खाली आला. कवी व समीक्षक मॅथ्यू आर्नल्ड स्वतः शाळा-तपासनीस होते. या पद्धतीने शाळेचे यंत्र होते, ही टीका त्यांनी नोकरीत असतानाच केली.

७/ १८६० च्या दशकात ही पद्धत मुंबई इलाख्यातही रुजली. प्रत्येक प्रांताची वाट वेगळी होती. मद्रासमध्ये मुख्य भर शिक्षकाच्या पगाराचा वाटा उचलण्यावर होता, तर बंगालमध्ये ठराविक मुदतीसाठी निश्चित रक्कम दिली जाई. मुंबईने ‘निकालानुसार अनुदान’ पत्करले. अधिकाऱ्यांच्या दृष्टीने ते सोयीचेच होते: संस्थेच्या कारभारात फारसे डोकवायला नको, वर्षाअखेरीस परीक्षा घ्यावी, पास झालेली डोकी मोजावीत आणि रक्कम चुकती करावी.

८/ परंतु यातील मेख ‘वर्षाअखेरीस’ या शब्दातच आहे. अनुदान हाती पडण्यापूर्वी वर्षभर शाळा कोणाच्या पैशावर चालावी? जेथे फी देणारे पालक आणि वर्गणी देणारे आश्रयदाते होते, तेथे ती चालत असे. ज्या गावात मूल सुगीच्या दिवसांत शेतावर आणि एरवी गुरांमागे जाते, तेथे हजेरीही तुटते आणि निकालही. म्हणजे ज्या शाळेला मदतीची गरज सर्वाधिक, तिला ती सर्वांत कमी मिळणार.

९/ फेब्रुवारी १८८२ मध्ये लॉर्ड रिपन यांच्या सरकारने विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला जोतीरावांनी त्याला इंग्रजीत निवेदन सादर केले. सरकारी तिजोरीचा मोठा भाग रयतेच्या घामातून भरतो, आणि त्यातून होणाऱ्या शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, हा त्याचा पाया होता. मोफत शिक्षणाच्या इतिहासात या निवेदनाचा उल्लेख वारंवार होतो. शिक्षक आणि अनुदान यांविषयीचा त्यातील भाग तितकासा वाचला जात नाही.

१०/ जोतीरावांनी लिहिले की, प्राथमिक शाळांतील बहुतेक शिक्षक ब्राह्मण आहेत, त्यांतील थोडेच प्रशिक्षित आहेत, पगार क्वचितच १० रुपयांवर जातो आणि त्यांची विद्याही बेताचीच असते. उपाय त्यांनी आकड्यांत सांगितला. प्रशिक्षित शिक्षकाला किमान १२ रुपये मिळावेत आणि मोठ्या गावांत १५ ते २० रुपये. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घडवावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा ओळखतील. गावचे हिशेब तपासणे किंवा टपालाचे काम त्यांच्याकडे सोपवावे, म्हणजे गावात त्यांचा मान वाढेल.

११/ निकालानुसार अनुदानाविषयी त्यांचे मत निःसंदिग्ध होते. ज्या गरीब लोकांत शिक्षणाची गोडी अजून उत्पन्नच झालेली नाही, त्यांना ही पद्धत मुळीच मानवणारी नाही. त्यांच्यात अशी शाळा काढायला कोणी शिक्षक धजणार नाही, कारण तीवर त्याचे पोट भरणार नाही. ती गोडी निर्माण होईपर्यंत सरकारी शाळा आणि खास उत्तेजन यांना पर्याय नाही.

१२/ येथे एक बारकावा निसटू नये. जोतीराव परीक्षेच्या किंवा जबाबदारीच्या विरुद्ध नव्हते. अधिक मुले उत्तीर्ण करणाऱ्या ग्रामशिक्षकाला पगाराव्यतिरिक्त खास भत्ता द्यावा, हे त्यांनीच सुचविले. डेप्युटीची वर्षातून एक फेरी निरुपयोगी आहे, तपासणी निदान तिमाही आणि पूर्वसूचनेविना व्हावी, असेही त्यांनी सांगितले. त्यांचा आग्रह क्रमाविषयी होता. आधी प्रशिक्षण आणि निश्चित पगार, त्यावर वारंवार तपासणी आणि नंतर बक्षीस. लो यांच्या संहितेत बक्षिसालाच पगाराची जागा मिळाली होती.

१३/ हंटर आयोगाने मध्यममार्ग धरला. प्राथमिक शाळांचे अनुदान बहुतांशी परीक्षेच्या निकालावर ठरावे, मात्र मागासलेल्या भागांतील शाळांना वेगळ्या नियमांनी मदत द्यावी, अशी शिफारस त्याने केली. म्हणजे फुल्यांनी दाखविलेली अडचण नियम म्हणून नव्हे, तरी अपवाद म्हणून मान्य झाली. इंग्लंडने ही पद्धत १८९० पासून मोडीत काढायला सुरुवात केली, आणि १८९७ पर्यंत ती संपली. हिंदुस्थानात लॉर्ड कर्झन यांच्या सरकारने मार्च १९०४ च्या शिक्षणविषयक ठरावात तिला निरोप दिला.

१४/ आज महाराष्ट्रात अनुदानित, अंशतः अनुदानित, विनाअनुदानित हे शब्द शिक्षकांच्या घरोघरी परिचित आहेत. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेत २०१८ पासून शाळांचा आणि शिक्षक-प्रशिक्षणाचा निधी एकाच छत्राखाली आला आहे. योजनांची नावे बदलत राहतील. त्यातील कोणतीही योजना वाचायला घ्याल तेव्हा दोन गोष्टी अवश्य पाहा: पैसा शाळेच्या हाती निकालाआधी पडतो की नंतर, आणि बक्षीस पगारावर मिळते की पगाराऐवजी. १८८२ च्या निवेदनात जोतीरावांनी नेमके याच दोन ठिकाणी बोट ठेवले होते.