बालमूत्रपिंडचिकित्सेच्या प्रशिक्षणाची वाटचाल

वैद्यकशास्त्राचा इतिहास बहुधा औषधांचा व यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. ती वापरणारे हात कसे घडले, याची नोंद क्वचितच होते. बालकांच्या मूत्रपिंडविकारांवर उपचार करणारे तज्ज्ञ कसे घडले, ही कथा म्हणूनच जाणून घेण्याजोगी आहे.

मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे, या एका जाणिवेतून ही शाखा जन्मास आली. 1957 साली हॉलिडे व सीगर या अमेरिकन डॉक्टरांनी मुलांच्या पाण्याच्या गरजेचे गणित मांडले : पहिल्या 10 किलो वजनासाठी किलोमागे 100 मिलिलिटर, पुढील 10 किलोंसाठी 50 आणि त्यापुढे 20. या हिशेबाने 15 किलोच्या मुलास दिवसाला 1250 मिलिलिटर लागतात, तर त्याच्या चौपट वजनाच्या माणसास 2300. म्हणजे दुपटीहूनही कमी. प्रौढांचे प्रमाण केवळ वजनाने भागून चालत नाही, हे यातून स्पष्ट झाले.

1967 साली युरोपातील बालमूत्रपिंडतज्ज्ञांची संघटना स्थापन झाली. त्याच सुमारास विविध देशांतील डॉक्टरांनी एकत्र येऊन नेफ्रॉटिक सिंड्रोमचा, म्हणजे लघवीतून प्रथिने वाहून जाऊन अंगावर सूज येणाऱ्या विकाराचा, संयुक्त अभ्यास हाती घेतला. यांपैकी बहुसंख्य मुले स्टेरॉइडने सुधारतात, हे त्यातून सिद्ध झाले. 1974 मध्ये अमेरिकेत या विषयाची पहिली प्रमाणपत्र-परीक्षा झाली. बालरोगशास्त्राचे शिक्षण पूर्ण केल्यावर तेथे तीन वर्षांची फेलोशिप घ्यावी लागते.

एवढा दीर्घ काळ कशासाठी, असा प्रश्न सुज्ञ वाचकांच्या मनात येईल. एक उदाहरण पाहू. रक्तातील क्रिएटिनिन 1 मिलिग्रॅम असा अहवाल प्रौढाच्या बाबतीत सर्वसाधारण मानला जातो. तोच अहवाल 85 सेंटीमीटर उंचीच्या दोन वर्षांच्या बालकाचा असेल, तर श्वार्ट्झ यांच्या सूत्राने त्याच्या मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता 35 च्या आसपास येते. निरोगी बालकात ती 90 हून अधिक असते. कागदावरचा आकडा एकच. परंतु अशिक्षित नजरेस निर्धास्त करणारा तो अहवाल प्रशिक्षित नजरेस धोक्याची सूचना देतो. ही नजर पुस्तकातून येत नाही. गुरुजनांसमवेत रुग्णशय्येपाशी घालविलेल्या वर्षांतूनच ती लाभते.

भारतात या शाखेचा पाया घालण्याचे श्रेय प्रामुख्याने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. आर. एन. श्रीवास्तव यांना दिले जाते. त्यांनी व त्यांचे सहकारी डॉ. अरविंद बग्गा यांनी शिष्य घडविले, ग्रंथ लिहिला. 2001 मध्ये भारतीय तज्ज्ञांच्या गटाने नेफ्रॉटिक सिंड्रोमच्या उपचारांची एकमताची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. 2008 व 2021 मध्ये ती सुधारण्यात आली. या विषयाचा डी.एम. अभ्यासक्रमही देशात सुरू झाला. आंतरराष्ट्रीय संघटनांनीही अल्पसाधन देशांतील तरुण डॉक्टरांसाठी फेलोशिप ठेवल्या. शिक्षण पूर्ण होताच मायदेशी परतून सेवा करावी व इतरांस शिकवावे, हा त्यामागील हेतू. एक फेलो परतला, तर केवळ एक डॉक्टर वाढत नाही. त्याच्याभोवती परिचारिका, आहारतज्ज्ञ व पुढील विद्यार्थी तयार होतात.

आपल्याकडे दानशूर मंडळी रुग्णालयास डायलिसिस यंत्र देतात, हे स्तुत्यच आहे. परंतु चिमुकल्या देहास ते यंत्र किती वेगाने व किती वेळ लावावे, हे जाणणारा डॉक्टर नसेल, तर ते बालकाच्या कामी येत नाही. यंत्र काही वर्षांत जीर्ण होते. शिकलेला मनुष्य मात्र आपल्यासारखे दहा घडवितो. यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते, प्रशिक्षणावर ते कोरता येत नाही. तथापि गावोगावच्या बालकांचे प्राण ज्या दानाने वाचतील, त्यात या अनाम दानाचा वाटा मोठा असेल, हाच या वाटचालीचा बोध होय.