चहातलं सॅकरिन निकलच्या टाकीत

भोसरी एमआयडीसीतल्या प्लेटिंगच्या शेडमध्ये वाफाळत्या हिरव्या टाकीत जिगला, म्हणजे चौकटीला, टांगलेले जॉब (धातूचे भाग) उतरतात आणि चकाकत वर येतात. त्या चकाकीत सॅकरिनचा मोठा वाटा आहे. मधुमेही माणूस चहात गोळी टाकतो, तेच सॅकरिन.

त्याचं मूळ दगडी कोळशाच्या डांबरात. १८७९ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, आयरा रेमसेन यांच्या प्रयोगशाळेत, कॉन्स्टँटिन फालबर्ग डांबरातल्या रसायनांवर काम करत होते. जेवताना हाताला लागलेल्या रसायनामुळे घास गोड लागला. ते सॅकरिन होतं: साखरेच्या सुमारे तीनशे पट गोड, आणि शरीर ते न पचवता बाहेर टाकतं. पेटंटमधून रेमसेन यांचं नाव मात्र गळलं, हा मला अन्यायच वाटतो. पहिल्या महायुद्धात साखरेची टंचाई झाली आणि सॅकरिनचा खप वाढला.

निकलच्या टाकीत ते आलं नंतर. १९१६च्या ‘वॉट्स बाथ’मध्ये निकल सल्फेट, निकल क्लोराइड आणि बोरिक अॅसिड असायचं, पण त्यातून येणारा थर मंद, मग बफिंग करत बसा. लिटरमागे काही ग्रॅम सॅकरिन घातलं की निकलचे कण बारीक बसतात आणि थरातला ताण उतरतो, म्हणून तो तडकत नाही. सोबत दुसरं ब्राइटनर घातलं की झळाळी येते. पण सॅकरिनच्या रेणूतलं गंधकही थरात शिरतं, आणि गंधकवालं निकल लवकर गंजतं. प्लेटिंगवाल्यांनी या दोषाचाच उपयोग करून घेतला: खाली गंधक नसलेलं निकल, वर चकचकीत निकल, त्यावर क्रोमचा पातळ थर. गंज वरच्या निकलमध्ये आडवा पसरतो, खालचा थर आणि पोलाद वाचतं. आकुर्डी-चाकणच्या दुचाक्यांच्या पट्ट्यात, जिथे भाग पावसात भिजतात, हे फार मोलाचं.

१९७७ साली उंदरांच्या मूत्राशयातल्या गाठींवरून सॅकरिनविषयी जगभर भीती पसरली. अमेरिकेतल्या पाकिटांवरचा कर्करोगाचा इशारा २००० साली उतरला. त्याच टाकीतल्या निकलच्या क्षारांना मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्ये माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरलं. सॅकरिनवर शंभर वर्षं वाद झाला. टाकीवर वाकणाऱ्या कामगाराच्या हातमोज्यांची आणि वाफ ओढणाऱ्या एक्झॉस्टची तितकी चर्चा कधीच झाली नाही. ती व्हायला हवी, आणि ती आधी भोसरीतच व्हावी.