समीकरणात खोडायचं काय?

मिठाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण घातलं की सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा अवक्षेप तळाशी बसतो. याचं आयनिक समीकरण लिहिताना आपण सोडियम आणि नायट्रेट दोन्ही बाजूंनी खोडतो. उरतं एवढंच : सिल्व्हर आयन + क्लोराइड आयन → सिल्व्हर क्लोराइड. हे खोडणं बीजगणितातलं वाटतं, पण ते जगाविषयीचं एक विधान आहे. आणि ते सहजासहजी मान्य झालेलं नाही.

एकोणिसाव्या शतकात हेस, थॉमसेन यांनी उदासिनीकरणाची उष्णता मोजली. हायड्रोक्लोरिक आम्ल घ्या की नायट्रिक, कॉस्टिक सोडा घ्या की पोटॅश. तयार होणारा क्षार निराळा, पण विरल द्रावणात उष्णता जवळपास तेवढीच, दर ग्रॅम-तुल्यांकाला सुमारे १३,७०० कॅलरी. क्रिया चार, मग उष्णता एकच कशी?

स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियसनं १८८४ मध्ये उप्साला विद्यापीठात विद्युतवाहकतेवर प्रबंध दिला. परीक्षकांनी त्याला खालची श्रेणी दिली. १८८७ मध्ये त्यानं स्पष्टच मांडलं, की असे पदार्थ पाण्यात विरघळतानाच आयनांत सुटे होतात. म्हणजे चारही ठिकाणी घडतं ते एकच : हायड्रोजन आयन + हायड्रॉक्साइड आयन → पाणी. बाकीचे प्रेक्षक!

आक्षेपही रास्त होता. सोडियम पाण्यात पेट घेतो, क्लोरीन विषारी. मग मिठाच्या पाण्यात दोघं सुटे कसे नांदतील? उत्तर असं, की आयन म्हणजे अणू नव्हे. विद्युतभार आला की गुणधर्म पालटतात. १९०३ मध्ये याच सिद्धांतासाठी अऱ्हेनियसला नोबेल मिळालं.

म्हणून खोडण्याआधी आपण विचारायचं, की द्रावणात खरोखर सुटं काय आहे? सिल्व्हर क्लोराइड जवळजवळ विरघळत नाही, ते अखंड लिहायचं. व्हिनेगरमधलं ॲसिटिक आम्ल बहुतांशी अखंडच राहतं, तेही फोडायचं नाही. त्याची उदासिनीकरणाची उष्णताही वेगळी येते.

आणि प्रेक्षक म्हणजे नाहीसे झालेले नव्हेत. अवक्षेप गाळून पाणी आटवा, सोडियम नायट्रेट हाती येईल. आपण त्यांना खोडतो ते कारणांच्या यादीतून. अस्तित्वाच्या यादीत ते असतातच. या दोन याद्यांची गल्लत होऊ द्यायची नाही, मग विषय रसायनाचा असो की इतिहासाचा.