१९७७ चे सत्तांतर आणि मुंबईचे उद्योगपती : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

मार्च १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसचा पराभव होऊन केंद्रात प्रथमच बिगर-काँग्रेस सरकार सत्तेवर आले. २४ मार्च रोजी मोरारजी देसाई यांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. या घटनेचे विवेचन सामान्यतः पक्ष, नेते आणि मतदार यांच्या अंगाने केले जाते. प्रस्तुत लेखात मुंबईतील उद्योगपतींनी या बदलास दिलेल्या प्रतिसादाचा परामर्श घेण्याचा प्रयत्न केला आहे. हा प्रतिसाद राजकीय निष्ठेपेक्षा परवाना पद्धतीने अधिक घडविला, असे लेखकाचे मत आहे.

आणीबाणीच्या काळात उद्योगपतींचा मोठा वर्ग समाधानी होता, हे मान्य केले पाहिजे. १९७४ च्या रेल्वे संपाची आठवण ताजी होती. आता संप जवळजवळ थांबले होते. १९७५ मध्ये किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला गेला. जे. आर. डी. टाटांसारख्या उदारमतवादी उद्योगपतीनेही परदेशी वृत्तपत्राशी बोलताना या शिस्तीविषयी अनुकूल मत व्यक्त केले. तथापि संपूर्ण वर्गास एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. ‘इंडियन एक्स्प्रेस’चे रामनाथ गोएंका सरकारपुढे वाकले नाहीत. मुंबईच्या मुकुंद आयर्न अँड स्टील या कंपनीचे वीरेन शहा तर बडोदा डायनामाइट खटल्यात आरोपी होते. त्याच खटल्यातील प्रमुख आरोपी जॉर्ज फर्नांडिस जुलै १९७७ मध्ये देशाचे उद्योगमंत्री झाले. इतिहासात असे योग क्वचितच येतात.

नव्या सरकारने बोनस पूर्ववत ८.३३ टक्के केला. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार परदेशी भांडवलाची मर्यादा ४० टक्के होती. तिच्या अंमलबजावणीच्या वादात कोका-कोलाने देश सोडला. ही संधी मुंबईच्या पार्लेने साधली व १९७७ मध्येच ‘थम्स अप’ बाजारात आणले. सत्तांतराला दिलेला हा प्रतिसाद कोणत्याही अभिनंदनपर ठरावापेक्षा बोलका आहे. मोठ्या घराण्यांना मात्र मोकळीक मिळाली नाही. १९६९ चा मक्तेदारी नियंत्रण कायदा कायम राहिला. २३ डिसेंबर १९७७ च्या औद्योगिक धोरणाने लघुउद्योगांसाठी राखीव वस्तूंची संख्या १८० वरून ५०० च्या वर नेली. पक्ष बदलला, पण परवानगी मागण्यासाठी जावयाचे ठिकाण दिल्लीच राहिले.

याच धोरणातील जिल्हा उद्योग केंद्राची कल्पना मात्र वाटूरसारख्या गावाच्या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे. त्यावेळी परतूर तालुक्यासह हे गाव परभणी जिल्ह्यात होते. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण झाल्यावर ते नव्या जिल्ह्यात आले. सरकी, तेल किंवा अवजारे यांचा छोटा धंदा काढू इच्छिणाऱ्यास कर्ज, कच्चा माल व मार्गदर्शन जिल्ह्याच्या ठिकाणी एकाच छताखाली मिळावे, असा या केंद्रांचा हेतू होता. मुंबईच्या कारखानदारास जो संकोच वाटला, तो येथील होतकरूस अवकाश वाटणे स्वाभाविक होते. ‘उद्योगजगताची प्रतिक्रिया’ असे एकवचन वापरताना अभ्यासकाने म्हणूनच सावध असावे.

सत्तेशी असलेल्या संबंधांची अनिश्चितता टाटांच्या वाट्याला सर्वांत तीव्रपणे आली. १९३२ मध्ये त्यांनीच सुरू केलेल्या विमानसेवेचे राष्ट्रीयीकरण १९५३ मध्ये झाल्यानंतर ते एअर इंडियाचे अध्यक्ष होते. फेब्रुवारी १९७८ मध्ये त्यांना त्या पदावरून दूर करण्यात आले, आणि ही वार्ता त्यांना सरकारकडून नव्हे, तर नव्या अध्यक्षांकडून समजली. पुढे १९७९ मध्ये टाटा पोलाद कारखान्याच्या राष्ट्रीयीकरणाचा विचार पुढे आला. त्याला जमशेदपूरच्या कामगार संघटनेनेच विरोध केला. ज्या मालकाने संपबंदीच्या शिस्तीचे कौतुक केले होते, त्याच्या बाजूने कामगार उभे राहिले. १९८० च्या जानेवारीत इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्या. एप्रिलमध्ये त्यांनी टाटांना दोन्ही सरकारी विमान कंपन्यांच्या संचालक मंडळांवर परत घेतले. अध्यक्षपद मात्र दिले नाही.