कावळा, फांदी आणि ड्रोनचं पातं

ड्रोनचं पातं तुटलं की आपण आधी विचारतो, शेवटी उडवत कोण होतं? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, तसं हे आहे. निमित्त दिसतं, कारण दिसत नाही.

८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला. गाडी पेटली, डब्यांची दारं बाहेरून बंद होती. पन्नासहून अधिक माणसं गेली. चांगलं लोखंड असं का मोडावं? तेव्हा अनेकांचं मत होतं की हादऱ्यांनी लोखंड आतून दाणेदार होतं. मोडलेला भाग दाणेदार दिसे, म्हणून हे पटायचंही.

विल्यम रँकिन या तरुण अभियंत्याने मोडलेले आस नीट पाहिले. १८४३ मध्ये त्याने दाखवलं, की आसाच्या मानेभोवती आधी एक गुळगुळीत, बारीक चीर पडलेली असते. ती हळूहळू आत सरकते आणि उरलेला भाग एक दिवस भार पेलू शकत नाही. म्हणजे दाणेदार भाग हा शेवट होता, सुरुवात नव्हे! त्याचा उपायही साधा होता: जाडी जिथे एकदम बदलते, तिथला काटकोन घालवून गोलाई द्या. पुढे प्रशियात व्होलरने वर्षानुवर्षं प्रयोग करून सिद्ध केलं, की एका वेळी सहज पेलणारा भारही पुन्हापुन्हा आला तर धातू मोडतो.

तरीही २१ ऑगस्ट १९९५ रोजी अमेरिकेत अटलांटाहून निघालेल्या प्रवासी विमानाच्या पंख्याचं पातं हवेत तुटलं. विमान पडलं, माणसं दगावली. चीर निघाली पात्याच्या आतल्या पोकळीतल्या गंजाच्या खळग्यांतून. ते पातं आधी तपासणीत संशयास्पद ठरलं होतं, दुरुस्त होऊन परत बसवलं होतं; खळगे मात्र सापडलेच नव्हते. बिचाऱ्या वैमानिकांचा यात काय दोष?

ड्रोनचं पातं बहुधा प्लॅस्टिकचं किंवा कार्बन तंतूंचं. धातूच्या खुणा त्यावर जशाच्या तशा मिळणार नाहीत. पण प्रश्न तोच राहतो: चीर सुरू कुठे झाली? मुळाशी, स्क्रूच्या भोकापाशी, की कडेला खडा लागून पडलेल्या खाचेत? म्हणून तुटलेले तुकडे फेकू नका आणि एकमेकांवर घासून जुळवूनही पाहू नका. साक्ष पुसली जाते. आणि उडवणाऱ्याला दोष देण्याआधी तो तुटका भाग भिंगाखाली धरा. आपण कावळ्याला फार लवकर शिक्षा करतो.